ज्या विद्येने धरले, त्याच विद्येने सोडावे

हात पुढे केला की पंजा मारणारा शिक्रा, चेहऱ्यावर झेपावणारी घार, पिंजऱ्याजवळ माणूस दिसताच किंचाळत जाळीवर आदळणारा ससाणा. असा पक्षी समोर आला की आपल्याकडे दोनच निकाल लागतात. कोणी म्हणते, जातच हिंस्र आहे, याला वठणीवर आणले पाहिजे. कोणी म्हणते, रानाचा जीव आहे, दार उघडा आणि जाऊ द्या. पहिल्या निकालात धाक आहे, दुसऱ्यात दया आहे. पण पक्षी असा का वागतो, हा प्रश्न दोघांनीही विचारलेला नाही. प्रश्नच न विचारता दिलेली उत्तरे पक्ष्याच्या जिवावर बेततात.

या लेखाचे म्हणणे तीन विधानांत मांडता येईल. एक, माणसाच्या हाती राहिलेल्या शिकारी पक्ष्याची आक्रमकता बहुतेक वेळा माणसानेच घडवलेली असते. दोन, म्हणून त्याच्याविषयीची आपली जबाबदारी पिंजऱ्याचे दार उघडल्याने संपत नाही. तीन, ही जबाबदारी निभावायला लागणारे ज्ञान बाजदारांकडे, म्हणजे ससाणे-शिक्रे हातावर खेळवणाऱ्यांकडे, शतकानुशतके होते. त्यांचा शिकारीचा खेळ आपण कायद्याने थांबवला ते योग्यच झाले. खेळाबरोबर ते ज्ञानही अडगळीत टाकले, ही मात्र चूक आहे.

१. हा प्रश्न कोयनेचा का आहे

कोयनानगरच्या भोवतीचा मुलूख शिकारी पक्ष्यांचा आहे. कुंभार्ली घाटाच्या आणि जंगली जयगडाच्या बाजूचे कडे, नवजाचे दाट रान, शिवसागर जलाशयाचे काठ ही सगळी त्यांच्या वावराची ठिकाणे. तुरेवाला सर्पगरुड, मोरघार, काळा गरुड, शिक्रा आणि कड्यांच्या कपारींत घरटे करणारा शाहीन ससाणा हे सह्याद्रीच्या या पट्ट्याचे पक्षी. कोयना अभयारण्य १९८५ साली झाले. पुढे २०१० मध्ये ते आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली जी ठिकाणे जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्यांत या दोन्हींचा समावेश आहे.

जंगल आणि वस्ती इतकी लगटून असली की पिल्ले माणसाच्या हाती येणारच. वळवाच्या वाऱ्यात घरटे पडते, झाड तोडताना पिल्लू सापडते, उडायला शिकणारे पिल्लू रस्त्याकडेला बसलेले दिसते. उचलणाऱ्याच्या मनात बहुधा मायाच असते. चार-सहा महिन्यांनी मात्र तोच पक्षी घरातल्या लहान मुलाच्या डोळ्यांवर झेप घेतो आणि मायेची जागा भीती घेते. मग तो एका हातातून दुसऱ्या हातात जातो, नाहीतर एखाद्या सकाळी रानाच्या कडेला सोडला जातो. इथून पुढचे सगळे विवेचन या पक्ष्याविषयी आहे.

२. आक्रमकतेची तीन मुळे

आक्रमक हे विशेषण एकच असले तरी त्यामागे तीन वेगवेगळी कारणे असू शकतात. तिन्हींचा इलाज वेगळा असल्याने कारण ओळखणे हीच हाताळणीची पहिली पायरी ठरते.

पहिले मूळ भीतीचे. रानात वाढलेला, जखमी होऊन हाती आलेला पक्षी माणसाला शत्रू मानतो. तो पाठीवर पडून पंजे वर करतो, चोच उघडी ठेवतो, पिसे फुलवतो. ही आक्रमकता निरोगी आहे. ती घालवायची नसते, उलट जपायची असते, कारण रानात परतल्यावर हीच भीती त्याला माणसापासून वाचवणार असते. अशा पक्ष्याला अंधार, शांतता आणि कमीत कमी माणसे एवढेच हवे असते.

दुसरे मूळ भुकेचे. पक्षी भुकेला ठेवला की नमतो, असा समज सर्रास आढळतो. त्यात अर्धे सत्य आहे. शिकवलेला पक्षी हातावर परत येतो तो अन्नासाठीच, हे खरे. पण शिक्र्याचे सगळे वजनच दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर असते आणि नर मादीपेक्षाही लहान असतो. इतक्या लहान शरीरात पाच-दहा ग्रॅमचा फरकही मोठा ठरतो. योग्य वजनाच्या खाली गेलेला पक्षी नमत नाही. तो अन्नाच्या हातावरच तुटून पडतो, भक्ष्यावर पंख पसरून ते झाकतो, दिवसभर किंचाळतो आणि एका थंड रात्री मरतो. जुने बाजदार म्हणूनच रोज पक्ष्याच्या छातीचे हाड बोटांनी चाचपत आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मांस किती आहे यावरून त्याची तब्येत ओळखत. आज ते काम वजनकाटा करतो. भूक हे साधन वापरायचे तर त्याचे मोजमाप ठेवावे लागते, आणि ज्याला मोजता येत नाही त्याच्या हाती ते क्रौर्यच ठरते.

तिसरे मूळ सर्वांत खोल आणि सर्वांत गैरसमजाचे आहे. ते म्हणजे चुकीच्या ओळखीचे. आयुष्याच्या पहिल्या काही आठवड्यांत पिल्लाच्या मनावर आपण कोण, आपले कोण, याची छाप बसते. कोनराड लॉरेन्झ यांनी १९३५ साली ही प्रक्रिया तपशिलाने मांडली. १९७३ मध्ये प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी ज्या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांत ते होते. या काळात जो भरवतो, तो आपल्या जातीचा, असे पिल्लू धरून चालते. माणसाने एकट्याने वाढवलेल्या पिल्लाच्या लेखी माणूस हाच त्याचा पक्षी असतो.

पुढचे संकट इथेच रुजते. लहानपणी असे पिल्लू लाघवी वाटते. खांद्यावर बसते, हाक मारली की ओ देते. पण शिकारी पक्ष्यांच्या जगात भावंडे अन्नासाठी एकमेकांवर तुटून पडतात आणि वयात आलेला पक्षी आपल्या हद्दीत दुसऱ्याला येऊ देत नाही. माणसाला स्वजातीय समजणारा पक्षी मोठा झाला की माणसाशी तसाच वागतो. रानातला पक्षी हल्ला करायला बिचकतो, कारण त्याला माणसाची भीती असते. हा बिचकत नाही. जी निर्भयता आपल्याला माया वाटली होती, तीच पुढे त्याच्या हल्ल्याचे बळ होते. त्याला कृतघ्न म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे. त्याने आपल्याशी केलेला करार मोडलेला नाही, कारण तसा करार कधी झालाच नव्हता.

यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती म्हणजे आजार. हाडांशिवायच्या कोंबडीच्या तुकड्यांवर वाढवलेल्या पिल्लाला कॅल्शियम मिळत नाही आणि त्याची हाडे वाकतात. सपाट, कठीण जागेवर बसून तळपायांना सूज येते, जखमा होतात. तारेच्या पिंजऱ्यात पिसे तुटतात. दुखणाऱ्या शरीराचा पक्षी चिडका होतो, आणि त्या चिडीला स्वभाव म्हटले की दुखणे तसेच राहते.

३. वठणीवर आणणे का फसते

टी. एच. व्हाइट या इंग्रज लेखकाचे ‘द गॉसहॉक’ हे पुस्तक १९५१ साली आले. जुनाट पद्धती वापरून, पक्ष्याला आणि स्वतःला जागवत त्यांनी एका बाजाला माणसाळवायचा प्रयत्न केला आणि अखेर तो बाज दोरी तुटून निसटला. या हकिगतीतून निघणारा निष्कर्ष असा की शिकारी पक्ष्यावर इच्छाशक्तीने मात करता येत नाही. कुत्रा, घोडा, हत्ती हे कळपात राहणारे प्राणी आहेत. त्यांना वरचढपणा कळतो, नाराजी कळते. शिक्रा किंवा ससाणा कळपात राहत नाही. त्याला शिक्षेचा अर्थच लागत नाही. टपली मारली, ओरडले, पाणी फवारले, तर त्याच्यापर्यंत एवढेच पोचते की हा माणूस धोकादायक आहे. शिक्षा म्हणजे आक्रमकतेच्या कारणात घातलेली भर.

योग्य हाताळणीत म्हणूनच करण्यापेक्षा टाळण्याच्या गोष्टी अधिक असतात. पक्ष्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये, वरून हात घालू नये, अन्न थेट हाताने भरवू नये, म्हणजे हाताचा आणि अन्नाचा संबंध तुटत जातो. जाड चामडी हातमोजा घालावा. चोचीपेक्षा पंजाला जपावे, कारण शिकारी पक्ष्याचे हत्यार पंजा आहे. त्याच्या पायातल्या कंडरांची रचनाच अशी आहे की आवळलेला पंजा फारशा श्रमाशिवाय आवळलेला राहतो. पंजा मांसात रुतला असता हात ओढला तर पकड घट्ट होते. पक्ष्याचा पाय हलकेच सरळ केला तर ती सैलावते. डोळ्यांवर टोपी चढवली किंवा डोके कापडाने झाकले की बहुतेक पक्षी शांत होतात, कारण त्यांचे सगळे जग डोळ्यांतून चालते. या गोष्टी कोणत्याही बाजदाराला पहिल्या महिन्यात शिकवल्या जात. आज पक्षी सोडवायला धावणाऱ्या कितीतरी भल्या माणसांना त्या कोणी सांगितलेल्या नसतात.

४. दार उघडणे म्हणजे पुनर्वसन नव्हे

दयेच्या निकालाची चूक दाखवणे अवघड जाते, कारण ते चित्र सुंदर असते. पिंजरा उघडतो, पक्षी आभाळात जातो. पण त्या चित्राच्या पुढे काय होते? हातावर वाढलेल्या पक्ष्याला शिकार येत नाही. मांसाचा तुकडा ओळखणे वेगळे आणि उडत्या पाखराचा अंदाज घेऊन झेप घालणे वेगळे. पिंजऱ्यात राहून त्याच्या पंखांचे स्नायू बारीक झालेले असतात. आणि ज्याच्या मनावर माणसाची छाप आहे, तो भूक लागली की वस्तीवर येतो, अनोळखी माणसाच्या डोक्यावर उतरतो, लोक घाबरून काठी घेतात. काही उपाशी मरतात, काही माराने मरतात. सोडणाऱ्याला दोन्ही दिसत नाहीत, म्हणून त्याचे समाधान टिकून राहते.

कोयनेच्या माणसाला हा मुद्दा अधिक समजावून सांगायची गरज नसावी. धरणासाठी उठवलेल्या इथल्या गावांच्या पुनर्वसनाचे प्रश्न साठ वर्षांनंतरही पुरते सुटलेले नाहीत. माणसांचे दुःख आणि पक्ष्याची अवस्था एका पारड्यात घालण्याचा इथे हेतू नाही. पण जागा बदलणे म्हणजे जगण्याची सोय होणे नव्हे, हे या खोऱ्याने अनुभवाने जाणले आहे, आणि तो निकष जंगलातल्या जीवांनाही लागू पडतो.

मग पुनर्वसनाचे मार्ग कोणते? कारणांप्रमाणे तेही तीन आहेत.

पहिला मार्ग पिल्लाचा. घरट्यातून पडलेले पिल्लू निरोगी असेल तर घरट्यात, नाहीतर त्याच झाडावर उंच बांधलेल्या टोपलीत परत ठेवणे हा सर्वांत चांगला उपाय. पालक पक्षी सहसा त्याला पुन्हा भरवू लागतात. माणसाचा वास लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज निराधार आहे. आक्रमक पक्षी घडण्याआधीच ते थांबवण्याची ही जागा आहे.

दुसरा मार्ग रानात परत जाण्याचा. वाढवताना माणसाची छाप बसू दिली नसेल, किंवा मोठेपणी पकडलेला पक्षी असेल, तर त्याला मोठ्या पक्षीगृहात उडायला लावून, शिकार जमते की नाही ते पारखून, योग्य अधिवासात टप्प्याटप्प्याने सोडता येते. २०२५ मध्ये ताडोबातून चांदोलीत आणलेली वाघीणसुद्धा आधी कुंपण घातलेल्या जागेत ठेवून मग मोकळी केली गेली. वाघिणीला जी सवड देणे आपल्याला शहाणपणाचे वाटते, ती शिक्र्याला देणे अनाठायी कसे ठरेल?

तिसरा मार्ग कायमच्या आश्रयाचा. ज्याच्या मनावरची छाप पक्की झाली आहे, जो माणसावर धावून जातो, ज्याची हाडे वाकली आहेत, त्याला सोडणे त्याच्यासाठीही धोक्याचे आणि लोकांसाठीही. त्याला आयुष्यभराची जागा, रोजचा योग्य आहार आणि जाणते हात द्यावे लागतात. आणि जिथे वेदना थांबवता येत नाहीत तिथे पशुवैद्याने निर्णय घेऊन वेदनेचा शेवट करणे, हाही जबाबदारीचाच भाग आहे. हे कठोर वाटेल, पण वेदनेत तडफडणाऱ्या जीवाला केवळ आपल्या मनःशांतीसाठी जिवंत ठेवणे अधिक कठोर आहे.

५. बाजदारीचे देणे

आता तिसऱ्या विधानाकडे. या प्रदेशावर राज्य करणाऱ्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये श्येनविनोदाला, म्हणजे ससाण्यांच्या शिकारीला, स्थान आहे. कुमाऊँच्या रुद्रदेवाचे ‘श्यैनिकशास्त्र’ तर याच विषयाला वाहिलेले आहे. पक्ष्याला माणसाळवणे, ऋतूप्रमाणे जपणे, आजारावर उपचार करणे यांचा विचार त्यात आहे. या परंपरेचा हेतू शिकार हाच होता आणि त्यासाठी रानातले पक्षी पकडले जात, हे लपवायचे कारण नाही. पण हेतू आणि ज्ञान या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, आणि जगात त्या केल्या गेल्या आहेत.

डीडीटीमुळे बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन अमेरिकेतून तो जवळजवळ नाहीसा झाला, तेव्हा टॉम केड यांनी १९७० साली पेरेग्रिन फंड ही संस्था उभी केली. केड स्वतः ससाणे खेळवणारे होते. पिल्लांना उंच पेटीत ठेवायचे, माणूस न दिसेल अशा रीतीने अन्न पुरवायचे, मग पेटी उघडून ती उडायला आणि शिकार करायला शिकेपर्यंत तिथेच अन्न ठेवत राहायचे, ही पद्धत त्यांनी बाजदारीतून घेतली. हजारो ससाणे असे सोडले गेले आणि १९९९ मध्ये हा पक्षी तिथल्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आला. मॉरिशसमध्ये १९७४ साली तिथल्या खरुचीचे, म्हणजे एका लहान ससाण्याचे, अवघे चार पक्षी माहीत होते. कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच तंत्रांच्या आधारे ती संख्या शेकड्यांवर नेली. तुटलेल्या पिसाच्या देठात गळून पडलेले जुने पीस बसवून पक्ष्याला पुन्हा उडते करण्याची युक्तीही बाजदारांचीच, आणि आज ती उपचार केंद्रांत वापरली जाते.

भारतातही उदाहरण आहे. बिहारमधले मीरशिकार अली हुसेन यांचे पक्षी पकडण्याचे पिढीजात कसब मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालून स्थलांतर अभ्यासण्यासाठी वापरले. पकडणाऱ्याचा हात संशोधनाच्या कामी आला. महाराष्ट्रातही फासेपारधी समाजाकडे रानपाखरांच्या सवयींचे पिढीजात ज्ञान आहे. त्याकडे आपण केवळ गुन्ह्याच्या चष्म्यातून पाहत आलो, यात नुकसान त्या समाजाचे झाले तसे वन्यजीवांचेही झाले.

६. संभाव्य आक्षेप

पहिला आक्षेप : कायदा आहे, तो पुरेसा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्षी पकडणे हीही शिकारच मानली आहे. असा जीव सरकारी मालमत्ता ठरतो आणि तो हाती आल्यास ४८ तासांत पोलिसांना किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. म्हणजे आपल्याकडे देशी शिकारी पक्ष्याला खासगी घर शोधणे हा मार्गच नाही, आणि नसावा. परदेशी जातींच्या पक्ष्यांसाठीही २०२४ च्या नियमांनी नोंदणी आवश्यक केली आहे. हे सगळे रास्त आहे. पण कायदा पक्षी कोणाच्या ताब्यात जावा एवढेच सांगतो. ताब्यात आल्यानंतर त्याला कसे धरावे, काय खाऊ घालावे, कधी सोडावे, हे तो सांगू शकत नाही. ते काम ज्ञानाचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : बाजदारीला प्रतिष्ठा दिली तर हौसेखातर घरटी लुटली जातील. ही भीती खरी आहे, विशेषतः हातावर ससाणा घेऊन काढलेली छायाचित्रे सहज पसरतात अशा काळात. म्हणूनच सीमा स्पष्ट हवी. हे तंत्र फक्त वनविभागाच्या मान्यतेने चालणाऱ्या केंद्रात, फक्त परत सोडण्यासाठी किंवा आजन्म सांभाळासाठी वापरले जावे. प्रदर्शन नको, स्पर्धा नको, खासगी मालकी नको. अमेरिकेत जिथे बाजदारीची शिकार कायदेशीर आहे, तिथेही आधी परीक्षा द्यावी लागते, पक्ष्याच्या जागेची तपासणी होते आणि किमान दोन वर्षे अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली शिकाऊ म्हणून काढावी लागतात. आपल्याकडे हेतूच वेगळा असल्याने शिस्त त्याहून कडक असायला हरकत नाही. युनेस्कोने २०१० मध्ये बाजदारीला मानवजातीचा अमूर्त सांस्कृतिक वारसा मानले, म्हणून इथे ती खेळ म्हणून पुन्हा सुरू करावी, असे या लेखाचे म्हणणे मुळीच नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा : एका चिडक्या पक्ष्यासाठी एवढा खटाटोप कशाला? याला दोन उत्तरे आहेत. शिकारी पक्षी सावकाश वाढतात. सर्पगरुडाची मादी एका हंगामात सहसा एकच अंडे घालते. अशा जातींत एकेक पक्षी मोलाचा असतो. दुसरे उत्तर नीतीचे आहे. पूर किंवा वादळाने जायबंदी झालेल्या जीवाला मदत करणे ही दया. आपणच ज्याची ओळख बिघडवली त्याला सांभाळणे हे ऋण. ऋणाची फेड परवडते का, हे पाहून ठरवायची नसते.

७. काय व्हायला हवे

पुण्याजवळ बावधनला आणि नागपुरात सेमिनरी हिल्सला वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्रे आहेत. कोयनेच्या खोऱ्यातून जखमी ससाणा पुण्याला नेणे म्हणजे घाटरस्त्यांचे काही तास आणि त्या प्रवासाचा ताण. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात शिकारी पक्ष्यांसाठी एक छोटे पण नीट केंद्र असावे. त्यात अंधाऱ्या, शांत खोल्या असाव्यात, उडता येईल असे लांब पक्षीगृह असावे, माणूस न दिसता अन्न देण्याची सोय असावी आणि रोजच्या वजनाची वही असावी. वनरक्षकांच्या प्रशिक्षणात या पक्ष्यांना धरण्याचे, ओळखण्याचे आणि परत सोडण्याचे तंत्र यावे. ज्यांच्या घराण्यांत पाखरांचे ज्ञान आहे त्यांना तिथे मानाची आणि पगाराची जागा मिळावी.

सामान्य माणसाचा वाटा सोपा आहे आणि तो सर्वांत मोठाही आहे. पिल्लू दिसले की उचलण्याआधी थोडे दूर थांबून पालक येतात का पाहावे. जखमी असेल तर खोक्यात, अंधारात ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. भरवू नये, खांद्यावर बसवू नये, त्याचे नाव ठेवू नये. आणि घरात आधीच असा पक्षी वाढला असेल, तर तो अंगावर येऊ लागण्याची वाट न पाहता आणि चोरून न सोडता वनविभागाच्या हवाली करावा. संकोच वाटेल, पण आपला संकोच वाचवण्यासाठी त्याला उपाशी मरायला पाठवणे हा अधिक मोठा अपराध आहे.

प्रेमाची कसोटी ताबा ठेवण्यात नसते, तशी ताबा सोडण्याच्या घाईतही नसते. समोरचा जीव आपल्यामुळे कशाला मुकला हे ओळखून, ते त्याला परत देता येईल का याचा प्रामाणिक शोध घेणे, ही ती कसोटी. पंजा मारणाऱ्या शिक्र्याकडून कृतज्ञता कधीच मिळणार नाही. त्याच्यासाठी राबणाऱ्याने ती अपेक्षा आधीच सोडून द्यावी आणि काम नीट शिकून करावे.